परक्या अंगणातली सेवा

'घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं' ही म्हण आपल्याकडे कुणाला शिकवावी लागत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजात जा आणि मुलांना सांगा, की अमुक देशात भूकंप झालाय, तमुक देशात लढाई पेटलीय, तिथल्या माणसांसाठी आपण काही करू या. मागच्या बाकावरून हीच म्हण ऐकू येईल. ती म्हणणारा मुलगा काही दगडाच्या काळजाचा नसतो. त्याच्या बापाची हळद वसमतच्या मोंढ्यात पडून असते, सोयाबीन ऐन काढणीत भिजलेलं असतं, बहिणीचं लग्न तोंडावर असतं. आपलंच निस्तरेना, तर परक्यांचं काय करायचं, हा त्याचा प्रश्न खरा आहे. त्याला 'विश्वबंधुत्व' हा शब्द फेकून गप्प बसवणं बरं नव्हे. आज या प्रश्नाचं उत्तर आपण नीट शोधू या. विद्यार्थ्यांनी परदेशातल्या माणसांसाठी सेवेचं काम करावं का, आणि केलं तर ते कसं करावं?

पहिली गोष्ट अशी, की परदेशाची मदत हा विषय आपल्याला नवा नाही. आपण ती घेतलेली आहे. १९७२चा दुष्काळ आठवणारी माणसं अजून गावोगाव आहेत. त्यांना विचारा, ती 'मिलो' म्हणून सांगतील. समुद्रापलीकडून आलेली ती तांबडी ज्वारी. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला मिलो. माझी आई सांगायची, की मिलोची भाकरी थापताना तुटायची, आणि तव्यावर टाकली की तिला आपल्या ज्वारीचा वास यायचा नाही. तरीपण त्या भाकरीनं लेकरं जगली, हेही ती त्याच दमात सांगायची. घेणाऱ्याच्या मनात आभार आणि कुरकुर अशी शेजारी शेजारी नांदतात. देणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसतं. आणखी एक गोष्ट आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. रस्त्याच्या कडेला, पडीक रानात, शाळेच्या मैदानात माजलेलं ते गाजरगवत! पन्नाशीच्या दशकात ते पहिल्यांदा पुण्याकडे दिसलं, आणि अमेरिकेहून आलेल्या धान्यातून त्याचं बी इकडे आलं असं म्हटलं जातं. म्हणजे मदतीच्या पोत्यातून गव्हाबरोबर दुसरंही काही येऊ शकतं. देणाऱ्याचा हेतू चांगला असूनही येऊ शकतं.

मग आला १९९३चा किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबरची पहाट, चारला काही मिनिटं कमी. आदल्या दिवशीच गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. दगडामातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी ती घरं झोपलेल्या माणसांवर बसली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली हजारो माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. राष्ट्रीय सेवा योजनेची आमची तुकडी तिकडे गेली. आपला जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता, आपण परभणीत होतो.

तिथे मी जे पाहिलं, ते या विषयाचं माझं पहिलं पुस्तक म्हणायचं. पाऊस लागून राहिला होता. देशातून, परदेशातून मदतीचा ओघ सुरू होता. रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग चिखलात पडलेले होते. त्यात कोट होते, नायलॉनच्या साड्या होत्या, शहरी पोरांच्या चड्ड्या होत्या. नऊवारी लुगडं नेसणाऱ्या बायांनी त्यातलं काय उचलावं? एका गावात आम्ही एका म्हातारीला विचारलं, 'आजी, तुम्हाला काय आणून देऊ? चादर देऊ का?' ती म्हणाली, 'चादरी लई झाल्या, बाबा. त्या भिंतीखाली माझं ज्वारीचं बी हाय. तेवढं काढून द्या. पेरणीचे दिस चालले.' ऑक्टोबरचे दिवस. रब्बी ज्वारीच्या पेरणीचा मोसम. तिचा एक लेक गेला होता, दुसरा दवाखान्यात होता, आणि तिला घाई होती पेरणीची. आम्ही दोन दिवस दगड उपसले. बियाचं पोतं निघालं, मोडकी तिफण निघाली. आमच्या जिल्ह्यातून आम्ही नेलेल्या गाठोड्यापेक्षा ते पोतं तिच्या लेखी मोठं होतं.

किल्लारी काही आमच्यासाठी परदेश नव्हता. बोली तीच, भाकरी तीच. तरीही विचारल्याशिवाय आम्हाला तिची गरज कळली नसती. मग जिथे बोली वेगळी, अन्न वेगळं, देव वेगळा, ऋतू वेगळा, तिथे न विचारता जाणाऱ्याचं काय होत असेल?

विद्यार्थ्यांनी देशाबाहेर सेवेला जाण्याची आपल्याकडची एक जुनी गोष्ट सांगतो. १९१२ साली बाल्कन युद्ध पेटलं. तुर्कस्तानचे हजारो सैनिक जखमी झाले, निर्वासितांचे तांडे इस्तंबूलकडे लोटले. तेव्हा हिंदुस्थानात लोकांनी वर्गणी जमवली आणि डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली एक वैद्यकीय पथक डिसेंबर १९१२मध्ये मुंबईच्या बंदरातून निघालं. या पथकात डॉक्टर तर होतेच, पण अलीगढच्या कॉलेजातले काही विद्यार्थीही शिक्षण अर्ध्यावर सोडून सामील झाले होते. अब्दुर रहमान सिद्दीकी, शुऐब कुरेशी, चौधरी खलीकुज्जमा, अब्दुर रहमान पेशावरी ही त्यांतली काही नावं. हे वैद्य नव्हते. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, स्ट्रेचर उचलणं, रात्री जागणं, हे त्यांचं काम. विशीतल्या, बऱ्या घरच्या मुलांनी हे हातानं केलं. पुढच्या उन्हाळ्यात पथक परत आलं.

इथे कुणी म्हणेल, की ते धर्मबंधूंसाठी गेले होते. खरं आहे. ती ओढ त्यांच्यात होतीच, आणि मायेची पहिली वाट आपल्या माणसांकडूनच जाते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जखमेजवळ बसलेल्या माणसाला ती ओढ पुरत नाही. तिथे पट्टी बांधता यावी लागते. पेशावरी तर तिथेच राहिला. भाषा शिकला, त्या देशाच्या लढ्यात उतरला, पुढे तुर्कस्तानचा वकील म्हणून काबूलला गेला आणि १९२५ साली इस्तंबूलमध्ये मारेकऱ्याच्या गोळीनं गेला. दुसराच कुणी समजून त्याच्यावर गोळी झाडली गेली, असं सांगतात. आज तुर्कस्तानात त्याची आठवण काढली जाते. ६ फेब्रुवारी २०२३ला तुर्कस्तानात मोठा भूकंप झाला, तेव्हा भारतानं 'ऑपरेशन दोस्त' या नावानं बचावपथकं आणि लष्कराचं फिरतं रुग्णालय पाठवलं. मुंबईच्या बंदरातून निघालेल्या त्या पहिल्या पथकानंतर ११० वर्षांनी पुन्हा भारतीय हात तिथल्या जखमांना लागले. या वेळी कुणाचा धर्म कोणता, हा प्रश्नच नव्हता.

आता दुसरी गोष्ट, आपल्या सोलापूरची. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाले आणि पुढच्या शिक्षणाची तयारी करत होते. म्हणजे विद्यार्थीदशा संपली होती असंही नाही आणि चालू होती असंही नाही. १९३७ साली जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनानी चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. इथे एक शब्द लक्षात ठेवा: मागितली. सुभाषचंद्र बोस तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केलं, बावीस हजार रुपये जमले, एक रुग्णवाहिका मिळाली, आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. अलाहाबादचे डॉ. अटल प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ला ते मुंबईहून बोटीनं निघाले.

त्या काळचा हिंदुस्थान स्वतः गुलाम होता, गरीब होता. 'घरचं झालं थोडं' म्हणायला त्याच्यापेक्षा मोठं कारण कुणाकडे होतं? तरीही तो देश दुसऱ्याच्या दारी औषधाची पेटी घेऊन गेला. हे मला आजही विचार करायला लावतं. देण्यासाठी आधी श्रीमंत व्हावं लागतं, ही समजूत इथे खोटी ठरते.

कोटणीस चीनमध्ये होते तेव्हाच वडील गेल्याची बातमी आली. ते परतले नाहीत. १९३९च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचलं, आणि तिथून कोटणीस पुढे आघाडीच्या भागात गेले. हळूहळू बाकीचे सहकारी परतले. कोटणीस मात्र चिनी भाषा शिकत राहिले. नुसती रोग्याशी बोलण्यापुरती नव्हे. ते त्या भाषेत मुलांना शल्यशास्त्र शिकवू लागले, त्या भाषेत त्यांनी पाठ्यपुस्तक लिहिलं, दुसरं लिहीत होते. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून तिथेच जखमींची सेवा करताना बोटाच्या जखमेतून विष भिनून १९३९च्या नोव्हेंबरात वारले होते. त्यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१च्या जानेवारीत संचालक झाले. तिथेच परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ला, फेफऱ्याच्या आजारानं कोटणीस गेले. वय ३२. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला, तो आपल्यातल्या ज्येष्ठांनी पाहिला असेल.

चित्रपटात त्याग दिसतो, प्रेम दिसतं, मरण दिसतं. पण या विषयाच्या दृष्टीनं मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती पाठ्यपुस्तकाची. ऑपरेशन केलं की एक माणूस वाचतो. पाठ्यपुस्तक लिहिलं आणि पोरं तयार केली, की आपण नसतानाही ऑपरेशनं होत राहतात. कोटणीस गेले, त्यांच्या हाताखाली शिकलेले हात उरले. म्हणून १९६२चं युद्ध झालं, दोन देशांत कडवटपणा आला, तरी चीनमधली त्यांची समाधी जपली गेली. चिनी नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले. सोलापुरात भैय्या चौकात त्यांच्या घरी आता स्मारक आहे. तिकडे सहल जाते तेव्हा पंढरपूर, अक्कलकोट होतंच, अर्धा तास इथेही काढावा.

भाषा शिकण्याचं म्हणाल, तर आपल्याला सोलापूरलाही जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून परंपरेनं मानलं जातं. नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले. तिथे जाऊन त्यांनी मराठीतच कीर्तन लावलं असतं तर चार मराठी माणसं जमली असती. त्यांनी तिकडच्या लोकांना समजेल अशा बोलीत पदं केली. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. शिखांच्या घरात ती आजही म्हटली जातात. परक्या अंगणात जाऊन तिथलं होणं म्हणजे काय, हे सातशे वर्षांपूर्वी आपल्या मातीतल्या माणसानं करून दाखवलं.

असंच उलट दिशेनंही घडलं आहे. पिअर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं फ्रान्समधलं एक गाव पुन्हा उभं करायला त्यानं १९२० साली वेगवेगळ्या देशांतल्या तरुणांना एकत्र आणलं, त्यांत जर्मनही होते. शत्रूनं पाडलेली घरं शत्रूच्याच पोरांनी बांधायला यावं, ही त्यामागची कल्पना. पुढे १९३४ साली बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. हा माणूस तिथे आला, सोबत मोजकेच साथी. भाषणं द्यायला नव्हे, तर कुदळ-फावडं घेऊन बिहारी मजुरांबरोबर घरं बांधायला. जगभरात आज जी तरुणांची आंतरराष्ट्रीय श्रमशिबिरं भरतात, त्यांचं एक मूळ तिथे आहे.

हे झालं चांगलं. पण वाईटही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे भाषण म्हणजे नुसती आरती होईल. गेल्या काही वर्षांत श्रीमंत देशांतले विद्यार्थी सुट्टीत गरीब देशांत सेवा करायला जातात, आणि त्याचा एक व्यापारच झाला आहे. पैसे भरा, दोन आठवडे अनाथालयात मुलांशी खेळा, फोटो काढा, परत जा. नेपाळ आणि कंबोडिया या देशांत याचा मोठा अनुभव आला. पाहुणे आणि त्यांच्या देणग्या येत राहाव्यात म्हणून अनाथालयं वाढली. त्यांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं युनिसेफसारख्या संस्थांनी वारंवार सांगितलं. शिक्षणाचं आमिष दाखवून खेड्यातल्या मायबापांपासून लेकरं आणली गेली आणि 'अनाथ' म्हणून दाखवली गेली. सेवा करायला आलेल्या त्या तरुणांच्या मनात काही पाप नव्हतं. पण दर पंधरा दिवसांनी नवा ताई-दादा येतो, माया लावतो आणि निघून जातो, तेव्हा त्या लेकराच्या मनाचं काय होत असेल, हे कुणी विचारलं नव्हतं. हेही एक गाजरगवतच.

नेपाळचं नाव निघालं म्हणून २०१५ सांगतो. २५ एप्रिलला तिथे मोठा भूकंप झाला. सुमारे नऊ हजार माणसं गेली. जगभरातून पथकं धावली. भारत सगळ्यांत आधी पोचणाऱ्यांत होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरांनी २००७ साली सुरू केलेली 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्थाही तिकडे गेली. काम मोठं झालं. पण आपल्या काही वाहिन्यांनी उपकाराचा असा काही गाजावाजा केला, की नेपाळी तरुणांनी 'भारतीय मीडिया, घरी जा' अशी मोहीमच इंटरनेटवर चालवली. दहा दिवसांतच नेपाळ सरकारनं परदेशी बचावपथकांना आता परत जा म्हणून सांगितलं. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं आमच्याकडे सदक्याबद्दल सांगतात, आणि तुमच्याकडे गुप्तदान म्हणतात. शब्द वेगळे, शहाणपण एकच. इथे तर दिलेलं सगळ्या जगाला कळत होतं!

त्याच वेळी आपल्या हिंगोलीत एक छोटी गोष्ट घडली, ती मला त्या सगळ्या गाजावाजापेक्षा मोलाची वाटते. आपल्या गावागावांत रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा असतो. महिन्याला घरटी चार पैसे घेतो. आमच्या गल्लीतला गुरखा नेपाळचा, डोंगरातल्या एका खेड्यातला. त्याचं घर पडलं होतं. शेजारच्या कॉलेजातली काही मुलं माझ्या ओळखीची. त्यांनी नेपाळसाठी ब्लँकेटं गोळा करायला घेतली होती, आणि ती पाठवायची कशी म्हणून माझ्याकडे आली. मी म्हणालो, 'अरे, एक नेपाळी माणूस रोज रात्री तुमच्या दारावरून जातो. त्याला विचारलं का?'

विचारलं. गुरखा म्हणाला, 'कंबल तो है साब. हम पहाड के लोग हैं. बारिश आ रही है. टिन चाहिए.' जस्ताचे पत्रे. जूनमध्ये पाऊस, तोवर डोक्यावर छप्पर पाहिजे. पत्र्याखाली माणूसही झाकतो, बकरीही झाकते आणि वाचलेला मकाही. मुलांनी ब्लँकेटं इथल्याच गरजूंना वाटून टाकली आणि पैसे गोळा करायला लागली. कुणी एका वेळचा वडापाव सोडला, कुणी मोबाइलचं रिचार्ज लांबवलं. हळदीच्या मोंढ्यात दोघं हमालांपुढे उभे राहिले, तर त्या हमालांनीही दहा-दहा रुपये दिले. मुलांनी त्याला जायचं भाडं आणि तीन घरांच्या पत्र्याचे पैसे दिले. पत्रे तिकडेच घ्यायचे, म्हणजे तिथल्या दुकानदाराचाही धंदा सुरू होईल, हे गुरख्यानंच सुचवलं. 'घरचं झालं थोडं' म्हणणारा एक मुलगा त्या टोळक्यात होता. त्यानं हिशेबाची वही ठेवली. रुपया न् रुपया लिहिला. दिवाळीनंतर गुरखा परत आला, तेव्हा त्यानं मोबाइलवर पत्र्याच्या घरांचे फोटो दाखवले. पण त्याला सांगायची घाई होती ती वेगळीच. पत्र्याची एक खोली त्यांनी गावच्या शाळेला दिली होती. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. मदत घेणारा हात असा मोकळा ठेवला, की तो पुढे देणारा होतो.

आता आपल्या मुलांनी काय करावं, ते थोडक्यात सांगतो. त्यासाठी आपल्याकडे एक तयार चौकट आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. सुरुवातीला ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. 'मी नव्हे, तुम्ही' हे तिचं बोधवाक्य. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि सात दिवसांचं एक खेड्यातलं शिबिर. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखालच्या आपल्या कॉलेजांतही ती आहे. बरीच मुलं ती दहा गुणांसाठी करतात, हे मला माहीत आहे. पण या सात दिवसांत एखाद्या तांड्यावर जाऊन, तिथल्या बोलीतले पन्नास शब्द शिकून, 'तुम्हाला काय हवं' हा एक प्रश्न नीट विचारायला जो शिकला, तो जगाच्या पाठीवर कुठेही सेवा करू शकेल. कळमनुरीच्या डोंगरातल्या आंध आदिवासी आजीला जो विचारू शकत नाही, तो काठमांडूच्या आजीला काय विचारणार?

दुसरं, हातात काहीतरी कसब असू द्या. अलीगढच्या मुलांनी पट्टी बांधली, कोटणीसांनी शस्त्रक्रिया केली, सेरेसोलनं भिंत बांधली. नुसती तळमळ घेऊन गेलेला माणूस तिथल्या लोकांच्या ताटातली एक भाकरी कमी करतो. नर्सिंग, गवंडीकाम, पाण्याची तपासणी, वायरिंग, काहीही चालेल, पण येत असलं पाहिजे. जाता आलं नाही, तर पैसा पाठवणं हेही कमी नाही. मात्र त्याला नियम आहेत. आपल्या धर्मादाय संस्थेनं देशाबाहेर खर्च करायचा म्हटलं, की आयकराच्या परवानग्यांचा प्रश्न येतो. त्यामुळे भारतीय रेडक्रॉससारख्या जुन्या वाटेनं जाणं बरं. जिल्हाधिकारी हे तिच्या जिल्हा शाखेचे अध्यक्ष असतात. तिथे जाऊन विचारा, पावती घ्या, हिशेब फळ्यावर लावा. हिशेबाची वही ही सेवेची अब्रू आहे.

तिसरं, परत यायचा दिवस पहिल्याच दिवशी ठरवा, आणि त्या दिवशी काम कुणाच्या हाती सोपवायचं तेही. सोपवायला कुणी नसेल, तर काम चुकीचं निवडलंय असं समजा.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाला मी एवढंच सांगेन. बाबा, तुझ्या घरचं थोडं झालंय हे खरं. म्हणूनच तुला कळतं, की भिंतीखाली अडकलेलं बी काय असतं, आणि पाऊस तोंडावर असताना पत्र्याची किंमत काय असते. भरल्या घरातल्या माणसाला हे सांगावं लागतं. तुला नाही. ती समज घेऊन तू कुठल्याही अंगणात जा. जाताना चपला दाराबाहेर काढ, आणि आधी विचार.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)